आम्ही अँटिव्हायरसचे टँकरवाले

"मॅडम, स्मरणिका उघडंना झाली. सगळ्या फायलींची नावं बदलली. अन् स्क्रीनवर इंग्रजीत लई मोठी धमकी आलीय."

"कॉम्प्युटरची वायर काढा. शटडाउन-बिटडाउन करत बसू नका. सरळ भिंतीतून काढा."

"काढली. आता?"

"आता त्याला हात लावू नका. आम्ही निघतो."

फोन कन्नडहून होता. बनकर मॅडम तिथल्या एका शाळेत क्लार्क. मी सिडकोतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्ट इंजिनिअर. सपोर्ट म्हणजे गिऱ्हाइकाचं काही बिघडलं की बोलणी खायला ठेवलेला माणूस. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तो उन्हाळा.

कंपनीचे मालक कुलकर्णी सर. तंत्रनिकेतनातली लेक्चररची नोकरी सोडून त्यांनी 'राखण' नावाचा अँटिव्हायरस बनवला होता. अँटिव्हायरस हा कॉम्प्युटरच्या दारात बसलेला वॉचमन समजा. येणारी प्रत्येक फाइल तो आपल्याकडच्या गुन्हेगारांच्या वर्णनाशी ताडून बघतो. जुळली की कोंडून ठेवतो. ही वर्णनं सतत नवी यावी लागतात, कारण चोर रोज नवे येतात. मोठमोठ्या कंपन्यांचे अँटिव्हायरस सगळ्या जगातले चोर ओळखायचे. राखण आमच्या गल्लीतले ओळखायचा. पैठण गेटच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर बसून व्हायरस टीव्ही सेंटरच्या सायबर कॅफेत पोचेपर्यंत सरांनी त्याचं वर्णन राखणमध्ये घातलेलं असायचं. फील्डवर फिरणारा आमचा सलीम असे बाधलेले पेनड्राइव्ह गोळा करून आणायचा, सरांच्या टेबलावर ओतायचा आणि म्हणायचा, "लेव सर, आज का ताजा माल."

बनकर मॅडमच्या त्या कॉम्प्युटरवर मात्र राखण नव्हता. सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

त्यांची शाळा ज्या शिक्षण संस्थेची, तिच्या कन्नड, खुलताबाद, बिडकीन अशा बऱ्याच ठिकाणी शाळा होत्या. हेड ऑफिस औरंगपुऱ्यात. वर्षानुवर्षं सगळीकडे राखणच. पण मधे एक गोष्ट झाली. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःचाच अँटिव्हायरस त्यात घालून द्यायला सुरुवात केली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरमधलं घर. बाकीचे प्रोग्रॅम त्यात भाडेकरू. आजवर घर विकत घ्यायचं आणि वॉचमन वेगळा ठेवायचा, असा रिवाज होता. आता घराबरोबर वॉचमन फुकट. दुसरा कुणी ठेवला तर हा आपोआप गप्प बसणार, नाही ठेवला तर हा पहारा देणार.

आमची गिऱ्हाइकं गळायला लागली. डीटीपीवाले गेले, क्लासवाले गेले. भांडण नाही, तक्रार नाही. "फुकट येतंय की मॅडम, मग कशाला?" एवढंच. उरली ती ही संस्था. तिनं कन्नडच्या शाळेला नवे कॉम्प्युटर घेतले आणि त्यावर राखण टाकला नाही. फुकटचा वॉचमन कसा काम करतो ते बघायचं होतं. काही बिघडलं की फोन मात्र सवयीनं अजून आम्हालाच. पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसला मीटिंग होती. फुकटचा चालतो असं ठरलं की आमचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं. आणि ते संपलं की राखण संपणार होता. सर हे कधी बोलले नाहीत. पण सलीमनंसुद्धा नव्या बाइकचं बुकिंग रद्द केलं होतं.

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते. माझे वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. युनियनचे. आमच्या घरात अंकलिपीच्या आधी पत्रकं आली. कंपनीच्या गेटवर वाटून उरलेली पत्रकं जमिनीवर पसरून मी वाचायला शिकले. 'बंधूंनो' हा मला वाचता आलेला पहिला शब्द. त्यामुळे राखणवर संकट आलं तेव्हा मी काय करणार? पत्रक काढलं. मथळा होता, 'घर त्यांचं, कुलूप त्यांचं, वॉचमनही त्यांचाच?'

त्यात मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. ज्यानं घर बांधताना भिंतीला भोकं ठेवली, तोच आता भोकांवर पहारा देणार. मग भोकं बुजवायची घाई त्याला कशाला राहील? दुसरं, सगळ्या गावात एकच वॉचमन असला तर चोराला एकाचीच नजर चुकवायला शिकावं लागतं. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं. चोर कोण आणि पाहुणा कोण, हे समुद्रापलीकडे बसून ठरणार. त्यांना आमच्या दारात येणारी माणसं कुठं ठाऊक?

सरांनी पत्रक उभ्या उभ्या वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

"भाषा चांगली आहे," म्हणाले.

माझा संताप झाला. ज्याची लढाई मी लढत होते, तोच मला भाषेचे मार्क देत होता.

कन्नडला आम्ही सरांच्या जुन्या गाडीतून गेलो. वेरूळ ओलांडल्यावर रस्त्याला टँकरच टँकर. एका फाट्यावर विहिरीत टँकर रिकामा होत होता आणि काठावर बायका दोर सोडून उभ्या होत्या. सरांनी गाडी हळू केली.

शाळेच्या ऑफिसात हेडसर येरझारा घालत होते. बनकर मॅडम खुर्चीवर नव्हत्या, खुर्चीच्या मागं उभ्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर वय. रडून झालेलं दिसत होतं.

सरांनी कॉम्प्युटर वेगळ्या डिस्कवरून चालू केला आणि बघायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अँटिव्हायरस बंद होता. कधी बंद पडला, लक्षात आहे?"

"बंद पडला नाय, सर. मीच बंद करायचे."

"म्हणजे?"

"ते कोपऱ्यात ढालीचं चित्र असतंय ना, ते. सकाळी आलं की आधी त्याला बंद करायचं."

"अहो, पण का?"

"मराठी लिहू देत नाय ते." मॅडम आता थोड्या आवेशानं बोलायला लागल्या. "चालू ठेवलं की आपला मराठीचा कीबोर्डच गायब करतंय. कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूसच सांगून गेला, मराठी लिहायचं असलं की याला बंद ठेवा. सगळेच करतेत सर. शेजारच्या शाळेत तसंच, तालुक्याला जा, तिथं तसंच."

"आणि काम झाल्यावर परत चालू?"

"ते ध्यानात राहतंय का, सर? दिवसभर मराठीच लिहायचं असतंय."

वाचकांसाठी हे जरा सोपं करून सांगते. आमच्याकडे ऑफिसांमधून मराठी टाइप करायला एक छोटा प्रोग्रॅम वापरत. तो कीबोर्डवर कान लावून बसतो. तुम्ही इंग्रजी अक्षराची कळ दाबली की तो ती मधल्यामधे पकडतो आणि तिच्या जागी मराठी अक्षर ठेवतो. आता हेच काम चोरांचाही एक प्रोग्रॅम करतो. तोही प्रत्येक कळ पकडतो, पण पासवर्ड चोरण्यासाठी. दोघांची चाल सारखी. राखणला हा फरक माहीत होता, कारण सर स्वतः त्याच प्रोग्रॅमवर मराठी टाइप करत. परदेशी वॉचमनला तो माहीत नव्हता. त्यानं मराठीला चोर समजून कोंडलं. याला आमच्या धंद्यात खोटा गजर म्हणतात.

आणि त्या गजरावर आमच्या लोकांनी काय उपाय काढला? वॉचमनलाच बाहेर काढला. कुणी तक्रार केली नाही, कुणी कंपनीला कळवलं नाही. एकानं दुसऱ्याला युक्ती सांगितली आणि ती गावोगाव पोचली. मराठी लिहायचं तर दार उघडं ठेवून लिहायचं.

त्या उघड्या दारातून एका मास्तरांच्या पेनड्राइव्हवरून जे आत आलं, ते साधं नव्हतं. ते फायली पळवत नाही. जागच्या जागी त्यांना कुलूप घालतं आणि किल्लीचे पैसे मागतं.

"पैसे देऊन सुटतंय का?" हेडसरांनी विचारलं.

"देऊ नका. किल्ली देतीलच असं नाही. दिली तर पुढच्या शाळेवर चाल करून जातील."

"मग तुम्ही काढा की कुलूप."

"मला नाही येणार," सर म्हणाले. "कुणालाच नाही येणार."

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकलं.

त्या कॉम्प्युटरवर शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका होती. पन्नास वर्षांतल्या माजी विद्यार्थ्यांना पत्रं पाठवून मॅडमनी लेख मागवले होते. कुणी पोस्टकार्डावर लिहिलं, कुणी वहीच्या पानांवर. सगळं मॅडमनी एकटीनं टाइप केलं. आणि टाइप झाल्यावर प्रत्येकाचा कागद 'साभार परत' लिहून टपालानं पाठवून दिला. रीतसर काम करणारी बाई. दुसरी प्रत मात्र कुठंच नव्हती.

"बाकीच्यांचं पुन्हा मागवता येईल," त्या म्हणाल्या. "यमुनाबाईंचं कसं मागवू?"

यमुनाबाई म्हणजे शाळेत नाव घातलेली पहिली मुलगी. त्यांनी नातवाच्या वहीत पेन्सिलीनं लिहून पाठवलं होतं. शाळेत यायला त्यांना काय काय करावं लागलं ते. पुढे त्या वारल्या. दुष्काळात घरचे लोक वाळूजच्या कारखान्यांत कामाला गेले, घराला कुलूप. वहीचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्यात काय लिहिलं होतं, आठवतंय का?" मी विचारलं.

"टाइप करताना अक्षरं दिसतेत हो मॅडम. वाचत कोण असतंय?" आणि त्या पुन्हा रडायला लागल्या.

हेडसर म्हणाले, "बनकर मॅडम, मला तुम्हाला मेमो द्यावा लागेल. वरून विचारणा होणार."

सर उठले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हा चढला. "त्यांना कसला मेमो? मराठी लिहायचं की सुरक्षित राहायचं, यातलं एक निवडायला ज्यानं लावलं त्याला द्या."

परतीच्या रस्त्यावर मी अगदी पेटले होते. "सर, झालं काम. हेच मीटिंगमध्ये दाखवायचं. त्यांच्याच मशीनवर मराठीचा कीबोर्ड टाकायचा, फुकटचा वॉचमन तो सगळ्यांसमोर खाणार. मग त्याच मशीनवर राखण टाकायचा, मराठी चालू. एक शब्द बोलायला नको. माझ्या पत्रकातला तिसरा मुद्दा समोर उभा राहील."

"ती बाई रडत होती, वर्षा."

"म्हणूनच म्हणते ना मी!"

सरांनी समोरून आलेल्या एका टँकरला वाट दिली. मग म्हणाले, "तुमच्या साताऱ्यात नळ आला का?"

मी तेव्हा औरंगाबादच्याच सातारा परिसरात राहायची. शहर वाढलं, इमारती उभ्या राहिल्या, सगळ्यांना स्लॅब मिळाला, पाणी नाही मिळालं. अख्खी कॉलनी टँकरवर. आमचे वडील निवृत्त झाल्यावर आता नळासाठी पत्रकं काढत होते.

"कुठला नळ," मी म्हणाले. "बाबांनी परवाच तिसरं पत्रक काढलं."

"आता समज, टँकरवाल्यानं पत्रक काढलं. नळ देऊ नका, त्यानं आमचा धंदा बुडतो. नळाचं पाणी गढूळ असतं, आमचं बघा कसं स्वच्छ. तर बाबा काय म्हणतील?"

मी मागं वळून त्या टँकरकडे बघितलं.

"मी राखण का बनवला? घराला कडीच नव्हती म्हणून. घर बांधणाऱ्यानं कडी लावायलाच हवी होती, पहिल्या दिवसापासून. ज्यांना आपला राखण परवडतो ते संस्थेचे लोक. बाकीचे? आणि एकाचं दार उघडं राहिलं की त्याच्या पेनड्राइव्हवरून सगळ्या गावाला लागण. त्यांनी कडी दिली तर मी नको कसं म्हणू?"

"पण सर, नळ महापालिकेचा असतो. गढूळ आलं तर बाबा तिथं घागरी घेऊन जातात. मोर्चा काढतात, शिव्या घालतात, नगरसेवक पाडतात. या कंपनीच्या कुठल्या दारात घागरी फोडायच्या?"

सर हसले. "हा मुद्दा पत्रकात नव्हता."

"पुढच्यात घालते."

"घाल. तो खरा आहे." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या मराठी कीबोर्डची फाइल घेतलीस का मॅडमच्या मशीनवरून?"

"घेतली. डेमोला लागेल."

"मलाही दे."

मी दिली. दुसऱ्या दिवशी ते आपल्या मशीनवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक टाइप करत बसले होते. राखणचंच काही असेल असं मला वाटलं.

मीटिंग औरंगपुऱ्यात, संस्थेच्या हॉलमध्ये. सचिव आप्पासाहेब मधल्या खुर्चीवर. मूळचे शेतकरी, तालुक्यातल्या राजकारणातून संस्थेत आलेले. बोलणं रांगडं, पण डोकं तल्लख.

"या कुलकर्णी. या वर्षाबाई. यंदा आमच्या नशिबात तुमच्या नावाचीच वर्षा दिसतीय."

सगळे हसले. मीही हसले. आज आपण जिंकणार हे माहीत असलं की माणूस उदार होतो.

मी नवा कॉम्प्युटर समोर ठेवला. फुकटचा अँटिव्हायरस चालू आहे हे ढालीवर बोट ठेवून दाखवलं. कन्नडला काय झालं ते सांगितलं. स्मरणिकेचं सांगितलं. मग म्हणाले, "आता मी यावर मराठीचा कीबोर्ड टाकते. काय होतं ते तुम्हीच बघा."

टाकला. एक कळ दाबली. पडद्यावर 'क' उमटला.

मी थांबले. ढाल जागेवर होती. मी पुढं टाइप केलं. 'कन्नड' उमटलं. 'शाळा' उमटलं. मी पूर्ण वाक्य टाइप केलं. कुणी काही कोंडलं नाही, कसला लाल चौकोन आला नाही. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. आमच्याबरोबर आलेला सलीम मागून कुजबुजला, "क्या हुआ रे इसको?" मी पुन्हा टाइप केलं. मराठी अगदी लख्ख.

आप्पासाहेब पुढं वाकून बघत होते. "हे तर मराठीच उमटतंय की, बाई. उमटायला नको होतं का?"

मी सरांकडे बघितलं.

सर उभे राहिले. "उमटायलाच हवं होतं, आप्पासाहेब. मी त्यांना कळवलं होतं."

"कुणाला?"

"ऑपरेटिंग सिस्टीमच्या कंपनीला. त्यांच्या वेबसाइटवर सोय आहे. तुमच्या वॉचमननं चुकून भला माणूस पकडला असेल तर फाइल पाठवा म्हणून. मी कीबोर्डची फाइल पाठवली. हा चोर नाही, हा मराठी लिहितो, कसा लिहितो, चोरापेक्षा वेगळा कसा ओळखायचा, सगळं लिहून पाठवलं. त्यांनी तपासलं. कालच्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली."

"मंजे आता हे फुकटचं चालतंय."

"चालतंय. फक्त सगळ्या शाळांना एक सूचना काढा. मराठी लिहिताना आता ढाल बंद करायची गरज नाही. ज्यांनी केलीय त्यांनी चालू करा. आणि प्रत्येक फाइलची दुसरी प्रत वेगळीकडे ठेवा."

आप्पासाहेब खुर्चीत मागं रेलले. "कुलकर्णी, तुम्ही येडे हायेत का हो? आज तुमचं कॉन्ट्रॅक्ट होतं."

"माहीत आहे."

"मग आठ दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

"या आठ दिवसांत कुठल्यातरी ऑफिसात आणखी एका बाईनं ढाल बंद केली असती."

आप्पासाहेबांनी कपाळावरून हात फिरवला. ते वाईट माणूस नव्हते. पण समोर फुकट आणि विकतचं दोन्ही सारखंच चालत असताना विकतचं घ्या, असं संस्थेला कुठल्या तोंडानं सांगणार? राखण बंद करायचा ठराव चहा यायच्या आत झाला. बनकर मॅडमचा मेमो मागं घ्यायचं सरांनी त्यांच्याकडून वदवून घेतलं. एवढीच त्या दिवशीची आमची कमाई.

जिन्यात मी सरांना गाठलं.

"मला सांगायचं तरी, सर!"

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं!"

"म्हणून नाही सांगितलं."

"तुमच्या एकट्याचा होता का राखण? सलीमचा नव्हता? माझा नव्हता?"

कठड्याला धरून ते हळूहळू खाली उतरले. सलीम वातावरण हलकं करायला म्हणाला, "सर ने मॅच फिक्स करे बोलते, वो भी अपनेच हारने के वास्ते." कुणी हसलं नाही. तोही नाही.

राखण कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. सर बरोबर होते. मी चूक होते, असंही मला वाटत नाही. आम्हाला न विचारता त्यांनी आमचंही पोट पणाला लावलं, याचा राग आजही आहे. आणि तो राग ज्यावर काढावा असं त्यांनी काही केलेलं नव्हतं, याची हळहळही आहे.

कंपनीकडून सरांना आलेली मेल त्यांनी मला नंतर दाखवली. 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात. आपण पाठवलेला नमुना तपासला, निरुपद्रवी आढळला, धन्यवाद. शेवटी बारीक अक्षरांत, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. ज्या माणसानं त्यांच्या वॉचमनला मराठी ओळखायला शिकवलं, त्याचं नाव विचारायचंही त्यांच्या फॉर्मात नव्हतं.

राखणचं शेवटचं अपडेट सरांनी स्वतः पाठवलं. त्यात नवे व्हायरस नव्हते. एक संदेश होता. 'राखण आजपासून बंद होत आहे. कृपया तो काढून टाका आणि आपल्या सिस्टीमचा अँटिव्हायरस चालू असल्याची खात्री करा.' स्वतःला पुसून टाकायला सांगणारं सॉफ्टवेअर मी त्यानंतर कधी बघितलं नाही. सलीमनं पैठण गेटला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सर लेकीकडे नाशिकला गेले.

मी आता बिडकीनजवळच्या एका कारखान्यात आयटी सांभाळते. साताऱ्यात जलवाहिनीचे पाइप रस्त्याकडेला येऊन पडलेत. बाबांचं पत्रक चालूच आहे. आणि मध्यंतरी आमच्या एचआरच्या मॅडमचा फोन आला. नव्या अपडेटनंतर त्यांचा मराठीचा जुना प्रोग्रॅम पुन्हा गायब. मी धावत खाली गेले. त्यांचा माऊस ढालीवर होता.

"थांबा! बंद करू नका."

"अहो, पण मला आज नोटीस काढायचीय मराठीत."

"आजची हातानं लिहा."

मी फॉर्म भरला. सरांनी शिकवला होता तसा, सविस्तर. मग सरांना फोन लावला.

"भरलास?" ते म्हणाले.

"भरला. उत्तर नाही अजून. पूर्वी मी तुमच्या टेबलाशी येऊन भांडायची आणि संध्याकाळी दुरुस्ती व्हायची."

"हो, घागर फोडायला दार जवळ होतं," सर म्हणाले. माझं वाक्य त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

लोक मला विचारतात, सिस्टीमबरोबर आलेला अँटिव्हायरस पुरेसा आहे का? मी सांगते, आहे. तो चालू ठेवा. घर बांधणाऱ्यानं कडी लावून द्यावी हे बरोबरच आहे. पण त्या कडीनं तुमच्याच माणसाला बाहेर ठेवलं, तर गुपचूप कडी काढून ठेवू नका. कळवा. पुन्हा पुन्हा कळवा. आपण गप्प राहून काढलेल्या युक्त्यांचा तिकडे कुणालाच पत्ता लागत नाही.

आणि हस्तलिखितं टाइप झाल्या झाल्या परत पाठवू नका.

शाळेची स्मरणिका वर्षभरानं निघाली. बरीच पातळ. बनकर मॅडमनी एक प्रत मला पाठवली, एक सरांना. यमुनाबाईंचं पान त्यांनी काढून टाकलेलं नाही. वर नाव आहे, खाली लेखाचं शीर्षक, कारण तेवढं त्यांना आठवत होतं. 'मी शाळेत गेले ती गोष्ट.' बाकीचं पान कोरं आहे.